१५० दिवसांचे पाणी: सांगलीहून केलेला ‘फॉलआउट’चा प्रवास

इंटरप्ले या कंपनीने १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘फॉलआउट’ या संगणकीय खेळात चालणे पुष्कळ आहे, आणि त्यातील प्रत्येक दिवसाचा हिशेब ठेवावा लागतो. २०७७ च्या अणुयुद्धापासून कॅलिफोर्नियाच्या डोंगराखाली व्हॉल्ट १३ नावाच्या निवाऱ्यात काही लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. त्यांचे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची चिप निकामी झाली असून नवी चिप शोधण्यासाठी एकट्या माणसाला बाहेर पाठवले जाते. तो माणूस म्हणजे आपण. तारीख असते ५ डिसेंबर २१६१ आणि हातात असतात १५० दिवस. ही मुदत संपली की निवाऱ्यातील माणसे तहानेने मरतात आणि खेळही तिथेच थांबतो.

सांगली जिल्ह्यात राहणाऱ्याला या कथेची पार्श्वभूमी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी शहरातील घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढलेले आम्ही पाहिले आहे, आणि त्याच जिल्ह्यात जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची गावे म्हैसाळ आणि टेंभू योजनांच्या आवर्तनाची वाट पाहत उन्हाळा काढत आली आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. पहिल्या गाडीला दहा टाक्यांचे डबे होते आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. एका ठिकाणचे पाणी दुसऱ्या ठिकाणी नेताना मागे राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न इथे सगळ्यांच्या परिचयाचा आहे. ‘फॉलआउट’चा पहिला अर्धा भाग याच प्रश्नाकडे जातो, म्हणून हा वृत्तांत मी मुख्यतः त्या वाटेपुरता ठेवला आहे.

निघण्यापूर्वीची तयारी थोडीच आहे. खेळ गॉग आणि स्टीम या दोन्ही ऑनलाइन दुकानांत मिळतो आणि ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या लॅपटॉपवरही सहज चालतो. मूळ चित्र ६४० बाय ४८० इतकेच असल्यामुळे आजच्या पडद्यांसाठी हाय रिझोल्यूशन पॅच (खेळात सुधारणा करणारी छोटी फाइल) जोडून घ्यावा. एफ-६ ने झटपट सेव्ह होते आणि एफ-७ ने ते पुन्हा उघडते. तरीही सेव्हसाठी दिलेल्या दहा जागा आलटूनपालटून वापराव्यात. एकाच जागेवर पुन्हा पुन्हा सेव्ह केले आणि दिवस संपत आल्याचे उशिरा लक्षात आले, तर मागे यायला वाट उरत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे कोणत्याही गावात शिरण्यापूर्वी सेव्ह करण्याची सवय लावून घेतलेली बरी.

खरी तयारी पात्र घडवताना होते. शक्ती, निरीक्षण, सहनशक्ती, आकर्षकता, बुद्धी, चपळता आणि नशीब हे सात गुण प्रत्येकी ५ पासून सुरू होतात आणि वाटून घ्यायला आणखी ५ गुण मिळतात. लढाई आळीपाळीने चालते आणि प्रत्येक पाळीत किती हालचाली करता येतील हे चपळतेवर ठरते: ५ अधिक चपळतेचा अर्धा भाग, असा त्याचा हिशेब आहे. सुरुवातीचे दहा मिलिमीटरचे पिस्तूल एकदा झाडायला हालचालींचे ५ गुण लागतात, त्यामुळे चपळता १० असलेला माणूस एका पाळीत दोन गोळ्या झाडतो आणि ९ असलेला एकच. हा फरक पहिल्या दहा लढायांत जिवावरचा ठरतो. बुद्धी कमी ठेवू नये; दर लेव्हलला मिळणारे कौशल्यगुण तिच्यावर अवलंबून असतात, शिवाय बुद्धी फारच कमी असेल तर पात्राला धड वाक्य बोलता येत नाही आणि निम्मे दरवाजे बोलण्याआधीच बंद होतात. तीन कौशल्ये निवडून ती दुप्पट वेगाने वाढवता येतात. माझी शिफारस लहान बंदुका, संभाषण आणि कुलपे उघडणे यांची आहे. दुरुस्तीचे कौशल्य निवडले नाही तरी चालते, पण ते तसेच सोडून देऊ नये. त्याचे कारण नेक्रोपोलिसच्या ओघात येईल.

व्हॉल्टच्या दाराबाहेरील गुहेत उंदीर आहेत. त्यांच्यावर गोळ्या खर्च करण्याऐवजी चाकूने काम भागवावे. दाराजवळ आपल्याआधी बाहेर पडलेल्या एकाचा सांगाडा आहे, त्याच्याजवळील वस्तू घ्याव्यात आणि पूर्वेला निघावे. नकाशावर व्हॉल्ट १५ या दुसऱ्या निवाऱ्याची खूण असते आणि त्या सरळ रेषेवर मध्येच शेडी सँड्स हे छोटे गाव लागते. तिथे विहीर आहे, शेती आहे, भोवती कुसू आहे. गावचा प्रमुख आरदेश पाहुण्याकडे आधी संशयाने पाहतो. हत्यार म्यान करून त्याच्याशी बोलावे. विंचवांच्या गुहेचे काम गावासाठी अंगावर घ्यावे, कारण त्यातून अनुभव मिळतो आणि डॉक्टर रॅझलोला विंचवाची शेपटी दिली की विषावरचा उतारा तयार होतो. विज्ञानाचे कौशल्य बऱ्यापैकी असेल तर शेतावरच्या माणसाला पिकांची फेरपालट समजावून सांगता येते. वर्षानुवर्षे एकाच रानात ऊस घेतल्यावर जमिनीचे काय होते हे पाहिलेल्या वाचकाने हा छोटा संवाद चुकवू नये; गोळी न झाडता या खेळात किती काही करता येते याची पहिली चुणूक तिथेच मिळते.

इयन हा पहारेकरी १०० कॅप्स घेऊन सोबत येतो. बाटल्यांची बुचे हेच इथले चलन आहे. इयन कामाचा आहे, पण त्याच्या हातात एकदम अनेक गोळ्या झाडणारी बंदूक देऊ नये, कारण आपण मध्ये उभे आहोत याची तो पर्वा करत नाही. त्याला पिस्तूलच द्यावे आणि लढताना त्याच्यासमोर न राहता बाजूला राहावे. आणखी एक अडचण अशी की ‘फॉलआउट’ मालिकेतील या पहिल्या खेळात सोबत्याला बाजूला सारण्याची सोय नाही. अरुंद दारात तो उभा राहिला तर वाट अडते, म्हणून चिंचोळ्या खोल्यांत आपण शेवटी शिरावे.

व्हॉल्ट १५ मध्ये उतरायला दोर लागतो, तेव्हा शेडी सँड्समधून तो घेऊनच निघावे. आत चिप नाही, नियंत्रण कक्ष दरडीखाली गाडला गेला आहे. तरीही ही फेरी वाया जात नाही, कारण तिथे सापडणारी शस्त्रे आणि औषधे पुढे उपयोगी पडतात. मात्र जखमा भरून काढण्यासाठी पिप-बॉय या मनगटावरच्या यंत्रातून दिवसच्या दिवस विश्रांती घेण्याचा मोह टाळावा. प्रत्येक विश्रांती व्हॉल्टच्या पाण्यातून वजा होते.

तिथून नैऋत्येला जंकटाउन हे गाव. रात्री वेशीवर अडवतात आणि आत हत्यार हातात धरून फिरलेले चालत नाही. गावात एका घराच्या दारात एक कुत्रा वाट अडवून बसलेला असतो. त्याला काठीवर भाजलेली घोरपडीसारखी इग्वाना खायला दिली किंवा अंगात चामडी जॅकेट असले तर तो आपल्यामागे येतो. आणखी दक्षिणेला हब हे मोठे व्यापारी गाव आहे, ताफ्यांचे, सौद्यांचे आणि अडत्यांचे, आमच्या मार्केट यार्डात हळदीच्या हंगामात असते तितक्या गजबजीचे. हबमध्ये दोन कामे करता येतात. पहिले काम पुस्तकांचे. तिथे पुस्तके विकणाऱ्या बाईंकडून इलेक्ट्रॉनिक्सवरील पुस्तके घेऊन वाचली की दुरुस्तीचे कौशल्य वाढते. दुसरे काम पाण्याच्या व्यापाऱ्यांकडचे. २००० कॅप्स दिल्या तर ते व्हॉल्ट १३ कडे पाण्याचा ताफा पाठवतात आणि मुदत १०० दिवसांनी वाढते. मूळ आवृत्तीत याची किंमत अशी होती की शत्रूला व्हॉल्टचा माग लवकर लागे. पुढे पॅचमध्ये शत्रू व्हॉल्टपर्यंत पोहोचण्याची ही मुदत शिथिल झाली. माझ्या मते वाट नीट आखली तर हे टँकर लागत नाहीत, आणि तेच पैसे चिलखत आणि औषधांवर घालणे अधिक शहाणपणाचे आहे.

हबमध्ये विचारपूस केल्यावर पूर्वेकडील नेक्रोपोलिसचे नाव कानावर येते. तिथे जायला फार उशीर करू नये. उशीर झाला की म्युटंट म्हणजे विकृत बनलेल्या धिप्पाड माणसांची धाड पडून ती वस्ती ओस पडलेली आढळते. हे पडके शहर घूलांचे आहे. किरणोत्साराने कातडी सडलेली, पण मरण न आलेली ही माणसे आहेत. वरच्या रस्त्यांवरचे घूल अंगावर येतात, म्हणून लवकरच मॅनहोलमधून गटारात उतरावे. तिथे शांतपणे राहणारा घूलांचा एक लहान गट भेटतो. त्यांच्याशी बोलल्यावर कळते की आपल्याला हवी असलेली चिप याच शहराखालच्या व्हॉल्ट १२ मध्ये आहे, आणि ती काढून नेली तर यांचे पाणी बंद होईल, कारण त्यांचा पाण्याचा पंप नादुरुस्त पडलेला आहे.

माझे थोरले काका जतहून आले होते तेव्हा ते शेजारी बसून हा भाग पाहत होते. त्यांना इंग्रजी संवाद कळत नव्हते, मी थोडक्यात सांगत होतो. ते म्हणाले, “आरं, मग ही चिप नेलीस तर हितल्या लोकांनी पाणी कुठनं प्यायचं?” मी म्हणालो, “काका, पंपाचे भाग या गटारातच पडलेत, तेवढे गोळा करतो.” त्यावर ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “आदी त्ये गोळा कर. चिप कुठं पळून जाती व्हय?” आणि पंप सुरू होईपर्यंत ते उठले नाहीत.

क्रम त्यांनी सांगितला तोच ठेवावा. गटाराचा प्रत्येक फाटा तपासून पंपाचे सुटे भाग उचलावेत. मग पाण्याच्या इमारतीकडे जावे, जिथे सुपर म्युटंटांचा पहारा आहे. दारावरचा हॅरी दांडगा असला तरी मंद आहे आणि संभाषणाचे कौशल्य असेल तर त्याला बोलण्यात गुंतवता येते. पहिल्यांदा जाणाऱ्याने इथे लढाईच्या भानगडीत पडू नये. आत पंप आहे. हबमध्ये वाचलेली पुस्तके इथे कामाला येतात. पहिला प्रयत्न फसला तर पुन्हा करावा, पण पंप चालू झाल्याशिवाय खाली उतरू नये. दुरुस्ती न करता चिप नेण्यापासून खेळ तुम्हाला कोठेही अडवत नाही. खेळाचे निर्माते टिम केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातील मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच आहे. आपल्या व्हॉल्टला पाणी मिळाले की मोहीम फत्ते झाल्याची नोंद होते, आणि मागे कोण तहानलेले राहिले याचा विचार करायचा की नाही, हे पूर्णपणे खेळणाऱ्यावर सोडलेले आहे. पंपाच्या दुरुस्तीला फार तर काही तास लागतात. १५० दिवसांतून तेवढे काढता येतात.

चिप घेऊन परतल्यावर व्हॉल्टचा प्रमुख दुसरी, अधिक मोठी कामगिरी सांगतो. तिच्याबद्दल इथे लिहून वाचकाचा आनंद हिरावून घेत नाही, फक्त एक व्यावहारिक सूचना देतो. ब्रदरहुड ऑफ स्टील ही संघटना दारात उभ्या राहणाऱ्याला दक्षिणेला ग्लो नावाच्या ठिकाणी पाठवते. तो अणुस्फोटाने झालेला खड्डा आहे आणि तिथला किरणोत्सार काही वेळातच जीव घेतो. किरणोत्सारापासून बचाव करणाऱ्या रॅड-एक्सच्या दोन गोळ्या नकाशावर त्या ठिकाणी शिरण्यापूर्वीच घ्याव्यात, अंगात शिरलेला किरणोत्सार उतरवणारे रॅडअवे जवळ असू द्यावे, आणि दोर बरोबर असल्याची खात्री करूनच हबमधून निघावे; खड्ड्यातल्या लोखंडी तुळईला तो बांधल्याशिवाय खाली उतरता येत नाही, आणि जवळपास विकत घ्यायला एकही दुकान नाही.