अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम : नोंद ३

हा इंग्रजी शब्द रोमन लिपीत २८ अक्षरांचा. मागच्या नोंदीत उच्चाराचे तुकडे ११ धरले होते, कारण कोशातल्या ओळ तोडायच्या खुणा तेवढेच दाखवतात. तोंडातून मात्र १२ निघतात: अँ-टि-डिस्-इ-स्टॅ-ब्लिश्-मन्-टे-रि-अ-नि-झम्. छापताना शेवटचं 'इझम' तोडत नाहीत, बोलताना 'झम्' वेगळं पडतं. हिशेब जुळला.

सरावासाठी जोर तीन ठिकाणी धरा: अँ, स्टॅ, टे. सगळ्यात जास्त टे वर. म्हणजे गट ४-३-५. मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा आणि दर ठोक्याला एक गट म्हणा. मराठी जीभ प्रत्येक तुकड्याला जवळपास सारखंच वजन देते, म्हणून गाडी 'मेंट'पाशी अडते. तिथे 'मेंट' म्हणायचंच नाही. ओझरतं 'मन्' म्हणायचं. ट् पुढच्या स्वरावर जाऊन बसतो. आपण 'घर-आत' म्हणत नाही, 'घ-रात' म्हणतो, तसंच.

सराव शेवटाकडून करा: झम्, निझम्, अनिझम्, रिअनिझम्, टेरिअनिझम्. हे सलग जमलं की अलीकडे 'स्टॅब्लिश्मन्' जोडा, मग 'अँटिडिसि'. पुढून सुरुवात केली की नेमका टे येतो तेव्हा दम संपलेला असतो. 'डिस'नंतरचा इ गिळला जातो, तेही तपासा. १२ चे ११ झाले की बहुधा तोच हरवलेला असतो.

घडणीचा क्रम निराळा, आणि खरी मजा तिथेच आहे. मूळ क्रियापद एस्टॅब्लिश. त्याला आधी डिस, मग मेंट लागून नाम, एरियन लागून ते मत धरणारा माणूस, इझम लागून विचारसरणी. उच्चारात पहिला असलेला अँटि सगळ्यात शेवटी चिकटतो, कारण तो क्रियापदाला लागत नाही.

चर्चची सरकारी मान्यता काढू नये, हे ते इंग्लंडमधलं मत. ग्लॅडस्टन ब्रिटनचे पंतप्रधान असताना, १८६९ च्या कायद्याने आयर्लंडमध्ये ती काढली. अंमल १ जानेवारी १८७१ पासून. वेल्सचा कायदा १९१४ चा, अंमल १९२० मध्ये. अँटि आणि डिस हे दोन नकार एकमेकांना खोडतात आणि अर्थ उरतो: चर्चचं स्थान आहे तसं राहू द्या.

'एस्टॅब्लिश'मधला पहिला स्वर लॅटिनमध्ये नव्हता, जुन्या फ्रेंचने तो जोडला. 'स्टेशन'चं 'इस्टेशन' करणारी आपली जीभ हेच करते.

बाकी राहिला झ. 'झरा'तल्या झ ला जीभ टेकते, इथे टेकवायची नाही. लांब 'स्स्स' धरा आणि त्यातच घशातून आवाज सोडा. गळ्यावर बोट ठेवलं तर थरथर लागली पाहिजे. मग ओठ मिटून म्.