अळणी

कोल्हापूर, रविवार

घरी आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "तिकडं खातोस काय रं?" शिरोलीच्या फाउंड्रीतल्या जुन्या दोस्तांना व्हिएतनाम म्हटलं की साप आणि कुत्री एवढंच सुचतं. कुत्र्याचं मटण हनोईत काही दुकानांत मिळतं, हे खरं. मी त्या वाटेला गेलेलो नाही, जाणारही नाही. पण हे एकदा सांगितलं की पुढचं कुणी ऐकतच नाही. म्हणून इथं लिहितोय.

आज मटण होतं. रविवार म्हटल्यावर असणारच. हळद-मीठ आणि आलं-लसूण लावून आईनं ते शिजवलं आणि तांबड्या-पांढऱ्यासाठी पाणी काढायच्या आधी वाटीभर अळणी, म्हणजे मटण शिजलेलं बिनतिखटाचं पाणी, माझ्यापुढं ठेवलं. वर चरबीचे बारके डोळे तरंगत होते. आमच्यात हे पोरांना आणि आजाऱ्यांना द्यायचं. मोठी माणसं तांबड्याची वाट बघत बसायची. "हनोईत मी रोज सकाळी हेच पितो," म्हटलं तर आईला चेष्टा वाटली.

चेष्टा नव्हती. तिथला फो, म्हणजे शेवया घातलेला रस्सा, शेवटी हेच. सकाळी सहाला गल्लीतलं दुकान उघडं असतं, दारातच भलंमोठं पातेलं आणि त्यात रात्रभर उकळलेली हाडं. आलं आणि कांदा आधी साल काळी पडेपर्यंत विस्तवावर भाजून मग आत सोडतात. मी कोंबडीचा फो घेतो. दुकानवाली बाई तांदळाच्या चपट्या शेवया गाळणीत घेऊन उकळत्या पाण्यात बुडवते, झटकते आणि वाडग्यात टाकते. वर कोंबडीचे तुकडे, कांद्याची पात, लिंबाच्या पानाची बारीक चिरलेली कातरण आणि मग पळीनं रस्सा. लसूण घातलेलं व्हिनेगर आणि मिरची टेबलावर असते, हवी त्यानं घ्यावी. बसायला बुटकी प्लास्टिकची स्टुलं, गुडघे पार छातीला लागतात. सकाळची गर्दी ओसरली, पातेलं खरवडलं की दुकान बंद.

कट संपला की मिसळ बंद, हे बघत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. तिथं दुकान निवडायची माझी रीतही इथलीच: एकच पदार्थ करणारं बघायचं आणि बाहेर कामावर निघालेल्यांच्या दुचाकी लागलेल्या बघायच्या. फोटोवालं जाडजूड मेनूकार्ड हातात आलं की मी उठतो.

आमच्या कंपनीतले काही भारतीय फोमध्ये घरची चटणी ओततात. "फिकं लागतं" म्हणे! चटणीची डबी मीही नेतो, पण ती भाताला आणि आम्लेटला. रात्रभर उकळलेल्या पाण्यावर ती ओतायची म्हणजे रात्रभर जागणाऱ्याचा अपमान. आपला तांबडा काय आणि पांढरा काय, दोन्ही उभे राहतात ते या अळणीवरच. ते जमलं नसेल तर वर कितीही तवंग आणा, खाणाऱ्याला कळतंच. हनोईवाले त्या पायरीवर थांबतात आणि सगळा जीव तिथंच ओततात, इतकंच.

गेल्या आठवड्यात आईबरोबर डंकावर चटणी कुटायला गेलो होतो. संकेश्वरी, ब्याडगी, तीळ, खोबरं, धने आणि मसाल्याच्या पुडीत चक्रीफूल. व्हिएतनामच्या उत्तरेला, चीनच्या हद्दीवर, लांग सोन प्रांतात चक्रीफुलाच्या बागा आहेत आणि तिथला माल भारतात येतो. हनोईत ते गोमांसाच्या फोत पडतं, आपल्याकडं चटणीत. आपलं कुठलं म्हणून किराणावाल्याला विचारलं, तर म्हणाला, "लक्ष्मीपुरीचं."

तिथलं सगळंच मला पटतं असं नाही. अंड्याची कॉफी एकदा ठीक आहे. १९४६ च्या सुमारास हनोईत दुधाची टंचाई होती, तेव्हा तिथल्या बड्या हॉटेलातल्या एका कामगारानं दुधाऐवजी अंड्याचा बलक साखरेत फेटून कॉफीवर घातला, अशी तिची कथा. गंगावेशीत समोर म्हैस पिळून ग्लास भरून घेणाऱ्याला ती टंचाई कळावी कशी?

दिवाळीनंतर मामेभाऊ येतोय हनोईला. त्याला चा-का खायला न्यायचं ठरवलंय. जुन्या शहरात त्या पदार्थाच्या नावाची गल्लीच आहे. हळद लावून मुरवलेले माशाचे तुकडे, टेबलावरच शेगडी, तव्यात तडतडणारं तेल आणि त्यात मूठमूठ कांद्याची पात आणि शेपू. होय, शेपूच. वर शेंगदाणे. तेलात जेमतेम मऊ पडलेला तो शेपू माशाबरोबर इतका झकास लागतो की मी आणखी एक ताटली मागवतो. मामेभाऊ मात्र लहानपणी घरात शेपूची भाजी शिजली की ताट घेऊन शेजाऱ्यांकडं पळायचा. आज जेवताना त्यानं विचारलं, तिकडं पालेभाज्या मिळतात का? म्हटलं, मिळतात की.