तुम्ही विचारलंत म्हणून : इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतली कोणती जुनी बाग पाहावी?

उन्हाळा जवळ आला की मुंबई-पुण्याहून येणाऱ्या कुणा ना कुणाचा फोन येतो. तिकिटं काढून झालेली असतात, लंडनचे दिवस आखून झालेले असतात, आणि बोलणं संपता संपता विचारणा होते : "लंडनबाहेर एखादी छान जुनी बाग बघायची आहे गं. कुठली बघू?" पाठोपाठ कुठून तरी मिळालेली एक यादीही येते. एका दिवसात तीन बागा, मध्ये एक किल्ला आणि संध्याकाळी हॉटेलवर परत.

माझं उत्तर ठरलेलं आहे. एकच बाग निवडा, तिला अख्खा दिवस द्या, आणि पहिल्यांदाच येत असाल तर ती स्टोअरहेड असू दे.

एकच म्हणते त्याला कारण आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ज्या बागा घडल्या, त्या एका जागी उभं राहून बघण्यासाठी नाहीत. त्याआधीच्या बागा वाड्याच्या खिडकीतून एका नजरेत दिसाव्यात अशा असत : सरळ रस्ते, दोन्हीकडे सारखी झाडं, कातरून कोन काढलेली कुंपणं. 1720-30 च्या सुमारास हे पालटू लागलं. तळं झाडीमागे दडवायचं, देऊळ लांबून अर्धंच दाखवायचं, वाट वळवायची आणि माणूस त्या वळणावर आला की मगच सगळं समोर उलगडायचं. म्हणजे चालणाऱ्याची पावलं धरूनच ही रचना केलेली आहे. अशा बागेत घाईघाईनं शिरून फोटो काढून बाहेर आलात, तर तुम्ही तळं पाहिलं, झाडं पाहिली, पण बाग पाहायची राहून गेली.

स्टोअरहेड विल्टशर परगण्यात आहे. ती रचणारा हेन्री होअर हा लंडनच्या सावकारी घराण्यातला. आजोबांनी 1672 साली काढलेली त्यांची पेढी आजही लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर चालू आहे. 1740 च्या दशकात त्यानं आपल्या घराखालच्या दरीत बागेचं काम सुरू केलं, ते पुढे जवळजवळ चाळीस वर्षं चाललं. दरीत बांध घालून पाणी अडवलं, त्याचं तळं झालं. हेन्री फ्लिटक्रॉफ्ट या वास्तुकाराकडून काठानं देवळं बांधून घेतली : आधी फ्लोरा या फुलांच्या रोमन देवीचं, मग रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळाच्या धर्तीवरचं घुमटाचं, आणि शेवटी टेकडीवर अपोलो या सूर्यदेवाचं. ज्या काळात तो हे सगळं उभं करत होता, त्याच काळात त्याची बायको गेली आणि एकुलता एक मुलगा ऐन तारुण्यात इटलीत वारला. तरी काम थांबलं नाही. मला हे सारखं आठवतं, कारण तिथल्या सौंदर्यात गंमतजत्रेचा भाग फार थोडा आहे.

तिकडे गेलात की तळ्याला डाव्या हाताला ठेवून फेरा घ्या. जुनी रीत तीच. माझ्या आत्यानं पहिल्याच वळणावर म्हटलं, "अगं, ही तर उलटी प्रदक्षिणा झाली," आणि ते अगदी खरं आहे. वाट आधी फ्लोराच्या देवळापाशी येते. त्याच्या दारावर व्हर्जिल या रोमन कवीची ओळ कोरलेली आहे : जे अपात्र आहेत त्यांनी दूरच राहावं, अशा अर्थाची. मग झाडीतून चालत वाट खाली उतरते आणि एका अंधाऱ्या दगडी गुहेत शिरते. आत झऱ्याचं पाणी सतत वाहतं, त्या पाण्यावर निजलेल्या अप्सरेची मूर्ती आहे, आणि पुढच्या दालनात नदीचा देव बसलेला आहे. स्टोअर नदीचा उगम याच परिसरातला. गुहेच्या भिंतीला एक ओबडधोबड भोक ठेवलंय, त्यातून तळं बरोबर पाण्याच्या पातळीला दिसतं. अंधारात डोळे सरावले की तो उजेडाचा तुकडा काय दिसतो! बाहेर पडून थोडं चढलं की पँथिऑन येतं, जे तुम्ही मघाशी पलीकडच्या काठावरून पाहिलेलं असतं. आता तिथे उभं राहून मागे पाहायचं. जिथून निघालो ते फ्लोराचं देऊळ आता चित्रातल्यासारखं समोर असतं.

हा संपूर्ण फेरा साधारण दीड-दोन किलोमीटरचा आहे. भरभर चाललात तर अर्ध्या तासात संपेल. आम्हाला आत्याबरोबर अख्खी दुपार पुरली नाही. बाकं भरपूर आहेत, त्यामुळे वडीलधाऱ्यांना घेऊन जायला भीती नाही. अपोलोच्या देवळाचा चढ मात्र गुडघे दुखणाऱ्यांनी टाळावा.

मे महिन्यात ऱ्होडोडेंड्रॉन आणि अझेलिया फुललेले असतात, तेव्हा गर्दीही तशीच असते. ही झाडं बहुतेक नंतरच्या पिढ्यांनी लावलेली. होअरच्या मनातली बाग मुख्यतः हिरव्या रंगाची होती : बीच आणि फरची झाडं, गवत, पाणी. म्हणून मला ऑक्टोबर जास्त आवडतो. पानं पिकून तळ्यात सोनं उतरतं हे आहेच, पण फुलं नसल्यामुळे त्याची मूळ रचनाही तेव्हा अधिक स्पष्ट दिसते.

या घराण्याच्या शेवटच्या मालकांचा एकुलता एक मुलगा 1917 साली पहिल्या महायुद्धात गेला. वारस उरला नाही. म्हणून 1946 साली त्यांनी घर आणि बाग नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू आणि बागा जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकली. पुढच्याच वर्षी, 25 मार्चला, नवराबायको दोघंही काही तासांच्या अंतरानं वारली. आज आपण तिकीट काढून आत जाऊ शकतो, ते या देण्यामुळे.

आता दुसऱ्यांदा येणाऱ्यांसाठी. स्टोअरहेड पाहून झालं असेल आणि अजून एकच दिवस हाताशी असेल, तर मी डोळे मिटून राउशमला पाठवते. इंग्लंडमधली माझी सगळ्यांत लाडकी बाग हीच. ऑक्सफर्डहून लहान गाडीनं हेफर्ड स्टेशनला उतरायचं आणि तिथून मैलभर चालायचं. तिथे दुकान नाही, चहाची खोली नाही. डबा घरून न्यायचा. पोळीभाजी, पाण्याची बाटली, खाली अंथरायला काहीतरी. पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, हे आधीच सांगून ठेवते. लहान मुलं बरोबर असतील तर हा बेत करूच नका.

घर 1635 मध्ये सुरू झालेलं आणि अजून त्याच घराण्याकडे आहे. बाग आधी चार्ल्स ब्रिजमन या बागरचनाकारानं आखली आणि 1730 च्या दशकाच्या शेवटी विल्यम केंटनं तिचं रूप बदललं. केंट मूळचा चित्रकार. त्यानं कुंपण ओलांडलं आणि पाहिलं तर सगळी सृष्टीच एक बाग होती, असं होरेस वॉलपोल या अठराव्या शतकातल्या लेखकानं त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय. राउशमला ते शब्दशः दिसतं. बागेच्या आणि चरणाऱ्या गुरांच्या मध्ये भिंत नाही, खोल चर आहे. लांबून तो दिसतच नाही, त्यामुळे लांब शिंगांच्या गाई जणू बागेतच चरताहेत असं वाटतं. चारवेल नदीपलीकडची शेतं, टेकाडावर मुद्दाम बांधलेली पडक्या कमानींची भिंत, जुनी गिरणी, हे सगळं केंटनं आपल्या चित्रात ओढून घेतलंय. त्यातली बरीच जमीन तर बागेच्या बाहेरची!

पण त्याचं खरं कसब पाहायचं असेल तर एका गच्चीकडे लक्ष द्या. चालता चालता तुम्ही एका मोकळ्या गच्चीवर येता. तिथे मरणाऱ्या योद्ध्याचा पुतळा आहे, समोर नदी. छान वाटतं, पुढे जाता. बऱ्याच वेळानं वाट खालून परत फिरते आणि तेव्हा कळतं, की आपण ज्यावर उभे होतो ती सात कमानींची देखणी दगडी ओसरी होती. वरून तिचा मागमूसही लागत नाही. राईतून जाणारा पाण्याचा पाट पाहा, हातभर रुंदीचासुद्धा नाही, पण अशा डौलानं वळणं घेत जातो की मोठमोठी कारंजी त्याच्यापुढे फिकी पडावीत. वाटेत तो एका अष्टकोनी हौदात थांबतो आणि पुढे निघतो.

या बागेच्या माळ्याचं, जॉन मॅक्लॅरीचं, 1750 च्या सुमाराचं एक पत्र उपलब्ध आहे. मालक मंडळी फिरकत नव्हती. त्यांनी यावं म्हणून त्यानं पत्रात त्यांना अख्खी बाग फिरवून आणली : इथून निघा, मग इकडे वळा, आता बसा, आता समोर पाहा. कुठल्या क्रमानं चालायचं हे त्या पत्रातून समजतं. आपण लावलेलं, निगा राखलेलं कुणी येऊन बघावं, ही त्याची ओढ ओळीओळीत आहे.

मराठी पाहुण्यांना मी आणखी एक नाव आवर्जून सांगते : सेझिनकोट. लंडनच्या पॅडिंग्टनहून थेट गाडीनं मॉर्टन-इन-मार्शला उतरायचं, तिथून टॅक्सीनं जेमतेम दहा मिनिटं. कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या हिरव्या उतारावर अचानक तांब्याचा, आता हिरवट झालेला, कांद्याच्या आकाराचा घुमट दिसतो. चार्ल्स कॉकरेल हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतून बंगालहून श्रीमंत होऊन परतला आणि 1805 च्या सुमारास वास्तुकार भावाकडून हे मुघल घाटाचं घर बांधून घेतलं. बागेसाठी त्यानं चित्रकार थॉमस डॅनियलला बोलावलं. हा डॅनियल पुतण्याला घेऊन भारतभर हिंडलेला, 1793 मध्ये मुंबईला आलेला, घारापुरीची लेणी पाहून चितारलेला. म्हणून इथल्या ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेत आणि खालचे खांब घारापुरीच्या खांबांवरून घेतलेले आहेत. वर छोटं सूर्यमंदिर आहे, खाली पाण्यात तीन फण्यांचा नाग. पुलाखाली पाण्यातून पावलं टाकायला दगड मांडलेत. तिथे त्या खांबांमध्ये उभं राहिलं की घारापुरीला गेलेल्या कुणाच्याही मनात कालवाकालव होते. हे सगळं ज्या पैशानं झालं तो आपल्याच देशातून गेलेला होता, आणि ज्यानं ते रचलं त्यानं आपल्या लेण्यांकडे मनापासून पाहिलेलं होतं. मला तिथे दोन्ही गोष्टी एकदम जाणवतात आणि एकीमुळे दुसरी पुसली जात नाही. पुढे चौथा जॉर्ज म्हणून राजा झालेला युवराज हे घर पाहून गेला, आणि ब्रायटनच्या राजवाड्याला घुमट आले त्यात या भेटीचा मोठा वाटा मानतात. बाग आठवड्यातले मोजकेच दिवस उघडी असते. दिवस पाहूनच गाडीचं तिकीट काढा.

इथपर्यंत ऐकून काहीजणी म्हणतात, "पण फुलं कुठायत?" रास्त आहे. फुलांसाठी विसाव्या शतकातल्या बागांकडे जायला हवं. केंट परगण्यातलं सिसिंगहर्स्ट जूनच्या शेवटाला पाहावं, जेव्हा तिथल्या पांढऱ्या बागेत मधल्या मांडवावर पांढऱ्या गुलाबाचा पूर येतो. लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि तिचा नवरा हॅरॉल्ड निकलसन यांनी 1930 मध्ये ही पडकी वास्तू घेतली. रेघा त्यानं आखल्या, झाडं तिनं लावली. व्हिटाचं माहेरचं घर म्हणजे नोल नावाचा प्रचंड वाडा. ती एकुलती एक मुलगी, पण मुलगी म्हणूनच तो तिला मिळाला नाही, काकाकडे गेला. सिसिंगहर्स्टच्या मनोऱ्यावर चढून खाली पाहताना ही हकीकत माहीत असावी. एवढी जिवापाड माया तिनं या मातीत का ओतली, ते त्यावाचून पुरतं कळत नाही.

हिडकोट सेझिनकोटपासून फार लांब नाही. लॉरेन्स जॉन्स्टन या अबोल माणसानं तिथे हिरव्या भिंतींच्या एकापाठोपाठ एक खोल्या केल्या. सुंदर आहे, पण सुट्टीच्या दिवशी त्या अरुंद वाटांमध्ये फार रेटारेटी होते. ससेक्समधल्या ग्रेट डिक्सटरला मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जा. तिथला मालक आणि बागकार ख्रिस्तोफर लॉइडनं तिथली जुनी गुलाबाची बाग काढून केळी, कर्दळी, डेलिया लावले, तेव्हा बागवाल्या मंडळींत केवढी खळबळ माजली होती. आपल्या परसातली कर्दळ तिथे पुरुषभर उंचीनं उभी पाहून माझ्या आईला जो आनंद झाला, तो दुसऱ्या कुठल्या बागेत झाला नव्हता. थंडीत तिथली केळी नेच्याच्या वाळक्या पानांत गुंडाळून जपतात.

आणि लांब जायला वेळच नसेल तर? तर वसंतापासून पुढे रस्त्याच्या कडेला पिवळ्या पाट्या दिसतात का बघा. 1927 पासून इथे एक रीत आहे : लोक आपली खाजगी बाग एखाद-दुसऱ्या दिवशी सर्वांसाठी उघडतात आणि जमलेले पैसे परिचारिकांच्या संस्थांना देतात. पहिल्या वर्षी 609 बागा उघडल्या, माणशी एक शिलिंग. आज हजारो आहेत, जहागिरदारांच्या आणि साध्या रांगेतल्या घरांच्याही. घरचा केक आणि चहा मिळतो, आणि ज्यानं झाड लावलं तोच त्याचं नाव सांगायला समोर असतो. त्याला विचारा, हे इथे कधी लावलंत, थंडीत कसं तगतं. तासभर तरी तुम्हाला सोडणार नाही.