आजींचं ८०० मिली पाणी

आजींना आणलं तेव्हा रक्तातलं सोडियम ११४ होतं. ते १३५ ते १४५ असायला हवं. पोटच्या लेकाला ओळखत नव्हत्या, आणि कॅज्युअल्टीतच फिट आली. गालात विजेसारख्या कळा येतात म्हणून तीन आठवड्यांपूर्वी कार्बामाझेपिन सुरू झालं होतं. या गोळीने काही जणांमध्ये एडीएच या हार्मोनचा जोर वाढतो आणि मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात. आम्ही त्याला एसआयएडीएच म्हणतो.

३ टक्क्यांचं सलाईन १०० मिली गेल्यावर फिट थांबली. डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि फाइलवर लिहिलं: दिवसाला एकूण ८०० मिली. मी पलंगाला कागद चिकटवला, ‘पाणी मोजूनच’.

संध्याकाळी सूनबाई शहाळं पाजताना दिसली. मी रागावले. ती रडवेली होऊन म्हणाली, “सिस्टर, जीव कोरडा पडलाय हो त्यांचा. मीठ कमी झालंय तर मिठाचं पाणी तरी देऊ का?”

तिचं काय चुकलं? काय करायचं तेवढंच मी सांगितलं होतं, का ते सांगितलंच नव्हतं. मग म्हटलं, “ताई, आमटीत पाणी जास्त झालं की ती अळणी लागते. मीठ तेवढंच असतं ना? आजींच्या अंगात तसं पाणी वाढलंय.” तिला लगेच कळलं. त्यानंतर गोळीबरोबरचा घोट, ताक, पेजेवरचं पाणी, सगळं तीच मला येऊन सांगायची. आजींना चूळ भरायला लावायची, ओठांना तूप लावायची. ५० मिलीचा कप तिच्या हाती दिला होता.

रात्री दोन वाजता युरोबॅग पाहिली आणि थबकले. तोवर तासाला जेमतेम ४० मिली, गडद लघवी होती. आता एका तासात २५०, तीही नळाच्या पाण्यासारखी. गोळीचा असर उतरला, की साठलेलं पाणी असं धो धो बाहेर पडतं आणि सोडियम झपाट्याने चढतं. हे बऱ्याच जणांना चांगलं लक्षण वाटतं. मला त्याची धास्ती वाटते. २४ तासांत ८ च्या वर चढू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. फार वेगाने चढलं तर मेंदूतल्या नसांवरचं आवरण खराब होतं आणि काही दिवसांनी बोलणं, गिळणंही जाऊ शकतं.

डॉक्टरांना उठवलं. रक्त पाठवलं: १२१. बारा तासांत ७ वाढलं होतं. सोडियमचा वेग आवरायला त्यांनी डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेच्या पाण्याचं सलाईन लावलं, पाण्याचं बंधन तेवढ्यापुरतं उठवलं आणि दर दोन तासांनी सोडियम बघायला सांगितलं.

पहाटे आजी पूर्ण शुद्धीवर होत्या. मी कप पुढे केला, तर कागदाकडे बघून विचारलं, “आता चालतं का गं?”

“चालतं आजी. प्या.”

दोन घोटांत संपवला. चार्टवर ५० मांडले आणि सूनबाईला उठवायला गेले.