कर्क्युमिनचे नॅनोकण आणि तळाला बसलेला केशरी गाळ

"सर, एनकॅप्स्युलेशन शहाण्णव टक्के आलंय की!" पीएचडीच्या विद्यार्थिनीने कागद पुढे केला. म्हणजे घातलेल्या कर्क्युमिनपैकी (हळदीतलं पिवळं द्रव्य) शहाण्णव टक्के नॅनोकणांत शिरलं. आकडा इतका चांगला होता की आधी पद्धत विचारली.

कृती नेहमीचीच. ५० मिलीग्रॅम पीएलजीए (ज्याचे कण बनतात तो पॉलिमर) आणि ५ मिलीग्रॅम कर्क्युमिन ५ मिली अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायचं, मॅग्नेटिक स्टररवर फिरणाऱ्या १ टक्का पीव्हीएच्या (कणांना सुटं ठेवणारा, पाण्यात विरघळणारा पॉलिमर) २० मिली द्रावणात सुईने थेंबथेंब सोडायचं आणि अ‍ॅसिटोन रात्रभर उडू द्यायचं. कर्क्युमिन उजेडात खराब होतं, म्हणून बीकरभोवती फॉइल. (आणि कोल्हापूरच्या जुलैत एक पथ्य पाळायलाच हवं: फ्रीजरमधून काढलेली पीएलजीएची बाटली डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही. आत दव धरलं की पॉलिमर तुटायला लागतो.) डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणारं यंत्र) आकार १७० नॅनोमीटरच्या आसपास, पीडीआय (आकारांतली तफावत; जितका कमी तितके कण एकसारखे) ०.२ च्या आत. सगळं छान.

एनकॅप्स्युलेशन मात्र अप्रत्यक्ष पद्धतीने काढलेलं. सेंट्रिफ्यूजमध्ये १५,००० आरपीएमला फिरवून कण तळाला गाळात बसवायचे, वरच्या पाण्यात उरलेलं कर्क्युमिन मोजायचं, बाकीचं कणांत गेलं असं धरायचं. पाण्यात विरघळणाऱ्या औषधाला हे चालतं. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. कणांत न शिरलेलं कर्क्युमिन स्फटिक होऊन त्याच गाळात जातं, वरचं पाणी निर्मळ दिसतं आणि टक्केवारी फुगते.

आदल्या दिवशीची कुपी ट्यूबलाइटसमोर धरून तिरकी केली. वर एकसारखं पिवळं, दुधाळ. तळाच्या कडेवरून मात्र बारीक केशरी भुकटी घसरली. या आकाराचे सुटे कण एका रात्रीत तळ गाठत नाहीत. डीएलएसला नमुना वरून घेतलेला, म्हणून तिथे काहीच दिसलं नव्हतं.

मग ३,००० आरपीएमला दहा मिनिटं फिरवलं. खाली केशरी ठिपका बसला. त्यातला थेंब काचपट्टीवर घेऊन ४० च्या भिंगाखाली पाहिला, तर सुयाच सुया. उरलेला गाळ मेथॅनॉलमध्ये विरघळवून ४२५ नॅनोमीटरला मोजला, तर सुमारे दीड मिलीग्रॅम कर्क्युमिन. वर तरंगत राहिलेले कण अ‍ॅसिटोनायट्राइलने फोडले, त्यात साका होणारं पीव्हीए फिरवून काढून टाकलं आणि थेट मोजलं. खरा आकडा साठ-पासष्ट टक्क्यांत आला.

हा फरक फक्त कागदावरचा नाही. शिरेतून द्यायच्या औषधात अशा सुया केशवाहिन्या तुंबवू शकतात. पेशींच्या चाचणीत स्फटिक थेट पेशींवर बसतात आणि परिणाम कणांच्या नावावर जमा होतो. हळूहळू विरघळणारे स्फटिक 'सस्टेन्ड रिलीज'चा (कणांतून औषध हळूहळू सुटण्याचा) सुंदर आलेखही काढून देतात.

त्यामुळे त्या बॅचची पुढची चाचणी तिथेच थांबवली. नव्या बॅचमध्ये कर्क्युमिन अडीच मिलीग्रॅमवर आणलं. अ‍ॅसिटोन उडताना पॉलिमरला पेलवेल तेवढंच. आता आधी मंद फिरवणं, मग मोजणं. रिलीजच्या चाचणीच्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ०.५ टक्का ट्वीन ८० (विरघळायला मदत करणारा साबणासारखा पदार्थ), नाहीतर सुटलेलं कर्क्युमिन विरघळणारच नाही. नुसत्या ७.४ पीएचच्या बफरमध्ये ३७ अंशांना ते झपाट्याने विघटितही होतं, म्हणून तेवढ्याच वेळेचा मोकळ्या कर्क्युमिनचा कंट्रोल (तुलनेचा नमुना) सोबत हवाच. एमटीटीच्या (पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून सांगणारी चाचणी) प्लेटमध्ये पेशी न घातलेले कर्क्युमिनचे वेल्सही (खळगेही) ठेवायचे, कारण त्याचा स्वतःचा पिवळा रंग वाचनात मिसळतो.