काय दिसतं तुला?

गेल्या जुलैमध्ये ऐरोलीतल्या माझ्या दवाखान्यात साडेचार वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आई आणि आजी घणसोलीहून आल्या. तापा-खोकल्याच्या मुलांनी भरलेल्या बाकावर हा एकटा ठणठणीत दिसत होता आणि त्या दोघी मात्र जागरणाने पार थकल्या होत्या. रोज रात्री एकच्या सुमारास तो ताडकन उठून बसतो, डोळे उघडे असूनही किंचाळत राहतो, घामाने भिजतो आणि जवळ घेऊ गेलेल्या आईलाच लाथा मारतो, असे त्यांनी सांगितले. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या होत्या आणि गावाकडचा अंगारा उशीखाली ठेवला होता. एका डॉक्टरांनी जंताचे औषध दिले होते, तर दुसऱ्यांनी गुंगी आणणारे सर्दीचे सिरप. रात्री ओरडणाऱ्या मुलाला जंत झाले असतील, असे आजीला वाटणे मी समजू शकते; पण मूल किती वाजता झोपते आणि किती वाजता ओरडते, एवढे दोन प्रश्नही न विचारता औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना मी माफ करू शकत नाही.

हा नाइट टेरर होता. मूल झोपल्यावर साधारण एक ते तीन तासांत, सर्वांत गाढ झोपेत असताना, मेंदूचा काही भाग अर्धवट जागा होतो आणि उरलेला झोपेतच राहतो. म्हणून मूल घाबरलेले दिसते, पण त्याला समोरचे माणूस ओळखू येत नाही आणि सकाळी बहुधा काहीच आठवत नाही. वाईट स्वप्न बहुतेक वेळा पहाटेकडे पडते; तेव्हा मूल पुरते जागे होते, आईला बिलगते आणि काय दिसले ते सांगते. हा फरक पक्का करून घ्यावा म्हणून मी मुलाकडे वळून विचारले, "रात्री काय दिसतं रे बाळा तुला?" तो गप्प राहिला आणि आईकडे पाहू लागला. "सांग ना बाईंना, तो कपाटामागचा माणूस," आई म्हणाली. त्याने मान हलवली. मी केसपेपरवर लिहिले: कपाटामागे माणूस दिसतो.

झोपेचा हिशोब मांडल्यावर कारण सापडले. वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात बहुतेक दुसऱ्या पाळीला असत आणि साडेअकराला घरी येत. बापलेकांची भेट व्हावी म्हणून मुलाला तोवर जागे ठेवले जाई. जूनमध्ये त्याची ज्युनिअर केजी सुरू झाली, तेव्हापासून सकाळी साडेसहाला उठणे आले आणि दुपारची झोपही सुटली. या वयाला दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते, ती त्याला सात तासही मिळत नव्हती. झोप कमी पडली की पुढची झोप अधिक गाढ लागते आणि त्यातच हे झटके येतात. मी टॉन्सिल पाहिले, घोरण्याविषयी विचारले आणि रात्रीचे मोबाइलवर चित्रीकरण करून आणायला सांगितले, कारण झोपेतली आकडी बहुधा थोडा वेळ टिकते, एका रात्रीत अनेकदा येऊ शकते आणि दर वेळी तिच्यातल्या हालचाली सारख्याच असतात. त्या चित्रीकरणात तसे काही नव्हते, पण मी ते तीनदा पाहिले. दिवा लागलेला होता, आई खांदे धरून मुलाला हलवत होती, आजी तोंडावर पाणी शिंपडत होत्या आणि दोघी एकच विचारत होत्या, "काय दिसलं? कोण आहे तिथं?" चार मिनिटांनी मूल आडवे होऊन शांत झोपले. त्या दोघी मात्र भिंतीला टेकून बसून राहिल्या.

तो माणूस मुलाने पहिल्यांदा कधी सांगितला, हे मी त्यानंतर विचारले. आई बराच वेळ आठवत राहिली. "पहिले आठ-दहा दिवस तो 'काही नाही' असंच म्हणायचा. आम्ही रोज सकाळी विचारायचो. मग आईंनी विचारलं, कपाटामागे कोणी होतं का? तेव्हा तो 'हो' म्हणाला." म्हणजे मुलाच्या आठवणीत जे नव्हतेच, ते घराने त्याच्या हाती ठेवले होते आणि मी डॉक्टर असून त्यावर शिक्का मारला होता. दरम्यान तो झोपायलाच घाबरू लागला होता आणि त्यामुळे झोप आणखी कमी होत होती.

दिवा लावू नका, हलवू नका, पडून लागणार नाही एवढेच पाहा आणि सकाळी चकार शब्द काढू नका, असे मी सांगितले. झोपायची वेळ साडेनऊ ठरली. वडील ऐकून घेत होते, मग म्हणाले, "मॅडम, मग मला तो फक्त रविवारीच भेटणार." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या तीन आठवड्यांत झटके कमी झाले, तरी आठवड्यातून तीनदा बरोबर पावणेबाराला येतच राहिले. ब्रायन लास्क या ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञांनी १९८८ मध्ये मांडलेल्या उपायाचा सौम्य प्रकार मग मी वापरला: झटक्याच्या नेहमीच्या वेळेआधी दहा-पंधरा मिनिटे मुलाला हलकेच चाळवायचे आणि पुन्हा झोपू द्यायचे. ती वेळ वडिलांच्या घरी येण्याचीच होती. हातपाय धुऊन ते मुलाच्या उशाशी बसत, पाठीवर हात ठेवत, तो "पप्पा" असे पुटपुटून कुशीवर वळे. त्यांची पाळी बदलली की हे काम आई करी. गणपतीपर्यंत किंकाळी थांबली.

कपाटामागचा माणूस मात्र गेलेला नाही. आता पहाटे कधी खरोखरीचे वाईट स्वप्न पडते, मूल पुरते जागे होते आणि तोच माणूस सांगते. मी त्याला त्या माणसाचे चित्र काढायला आणि त्याला हवे तसे बदलायला दिले. त्याने त्या माणसाला छत्री दिली आणि दाराबाहेर उभे केले. आजींनी कपाट सरकवून भिंतीला घट्ट टेकवून घेतले आहे. तरीही अधूनमधून तो पहाटे त्यांच्या पदराखाली शिरतो, असे आई सांगते. परवा तो खोकल्यासाठी आला, तेव्हा छाती तपासून मी केसपेपर पुढे ओढला, तर जुलैच्या तारखेखाली माझ्याच अक्षरातली ती ओळ होती.