नातेवाईक कुठंय?

आमच्या मराठवाड्यात दारू सोडायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: माळ घाल. मी दोनदा घातली, एकदा नरसीला, एकदा पंढरपूरला. दोन्ही वेळा बाजाराच्या दिवशी ती काढून खुंटीला अडकवली आणि मगच गुत्त्यावर गेलो. चुलतभावाची मात्र बारा वर्षं गळ्यात आहे, तेव्हा माळेला दोष देत नाही.

मग जिद्दीनं एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी चहाची बशी धरवेना, रात्री फिट आली. रोज पिणाऱ्यानं हे असं करूच नये. पहिले दोन दिवस फिटचे, पुढं भास सुरू होतात, जिवावर बेततं. दवाखान्यात सलाईन, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, कमी कमी करत नेलेल्या गोळ्या. आठवड्यात सावरलो.

पुन्हा पिऊ नये म्हणून जी गोळी असते, तिच्यासाठी सरकारी दवाखान्यात गेलो आणि तिथं अडकलो. पहिल्या खेपेला दोन तास रांगेत थांबून केस पेपर काढला, तर मानसोपचाराच्या खोलीला कुलूप. डॉक्टर तालुक्याला कॅम्पला गेलेले. दुसऱ्या खेपेला खिडकीतून, मान वर न करता, "नातेवाईक कुठंय?" म्हटलं, मीच पेशंट, मीच आलोय. "नातेवाईक घेऊन या. चला, पुढचा." बायको माहेरी, भाऊ बोलत नाही. मागं चाळीस माणसं उभी असताना हे खिडकीत तोंड घालून सांगायचं कसं? स्टँडवर येऊन बसलो. समोरच देशीचं दुकान. एसटी वेळेवर लागली म्हणून वाचलो, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या खेपेला आईला नेलं, तिच्या अर्ध्या तिकिटावर. डॉक्टरांनी पाच मिनिटांत समजावलं. ही गोळी, डायसल्फिराम, चालू असताना दारू पोटात गेली की तोंड लाल, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली. गोळी थांबवली तरी दोन आठवडे धोका राहतो. म्हणून घरात कुणाला तरी माहीत पाहिजे. एवढंच खिडकीवर कुणी सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवशीच आईला आणलं असतं! आईनं कागदावर अंगठा दिला आणि तो पदराला पुसत डॉक्टरांना विचारलं, "भाकरीसंगं द्यायची का चहासंगं?"

ही गोळी कुणाच्या चहात चोरून टाकू नका, माणूस जाईल. खोकल्याचं औषधसुद्धा विचारून घ्यावं, काहींत अल्कोहोल असतं. रात्री फारच तलफ आली तर 14416 वर, सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनला, फोन लागतो, फुकट आहे. मी दोनदा लावला. आणि माझं स्वतःचं म्हणाल तर दिवेलागणीच्या आत जेवून घेतो. भरल्या पोटी गुत्त्याची वाट आठवत नाही, निदान मला तरी.

केस पेपर हरवला की पुन्हा तीच रांग. माझा आईनं सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलाय. सकाळी सातला गोळी घेऊन येते आणि म्हणते, "आ कर."